घरचा हिशेब, शाळेची वही : प्रकल्प नोंदी २०२४-२५

१९ जून २०२४

शाळा सुरू झाली. बीड जिल्ह्यातली आमची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पहिली ते पाचवी. गावातली बहुतेक घरं ऊसतोडीची. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, पोरं आजी-आजोबांपाशी राहतात, आणि पाडव्याच्या आसपास घर पुन्हा भरतं. यंदाच्या प्रकल्पाचा प्रश्न इथूनच निघाला. घरच्यांनी लक्ष घातलं तर मुलाचं गणित सुधारतं, असं आम्ही प्रत्येक पालकसभेत सांगतो. पण जे आईबाप शाळेच्या वर्षातले चार-पाच महिने गावातच नसतात आणि स्वतः दुसरी-तिसरीच्या पुढे गेलेले नाहीत, त्यांनी करायचं काय? "घरी अभ्यास घ्या" हे वाक्य त्यांच्यापुढे उच्चारायची मला लाज वाटते. त्यांना खरोखर करता येईल आणि मुलाच्या वहीत दिसेल, असं काहीतरी शोधायचं आहे.

२६ जून २०२४

पायाभूत पडताळणी या आठवड्यात उरकली. लेखी पेपर घेतला नाही. एकेका मुलाला व्हरांड्यात जवळ बसवून विचारलं. साधन 'असर'च्या धर्तीचं: अंकओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. 'असर' ही 'प्रथम' संस्थेची २००५ पासूनची पाहणी. ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांना तिथेच तपासतात, म्हणून मला ती जवळची वाटते. २०२२ च्या पाहणीत देशभरात तिसरीतल्या २५.९ टक्के मुलांना अशी वजाबाकी आली होती आणि पाचवीतल्या २५.६ टक्के मुलांना भागाकार. आमचं चित्र यापेक्षा उजळ नाही.

तिसरीतल्या एका मुलीला ५२ वजा २७ मांडून दिलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले आणि उत्तर लिहिलं ३५. पाटी बाजूला ठेवून तिला विचारलं, "तुझ्याकडं बावन्न रुपये होते, सत्तावीसचं तेल आणलं, आजीला किती परत देशील?" तिने वर बघितलं, ओठ हलवले. "सत्तावीसचे तीस, तीसचे पन्नास, वर दोन. पंचवीस." पाटीवरचं ३५ तिच्या समोरच होतं. ते आणि हे एकच गणित आहे, हे तिच्या मनातही आलं नाही.

ही मुलगी किराणा आणायला रोज जाते. ती बेरीज-वजाबाकी तिला घराने शिकवली आहे.

८ जुलै २०२४

माता पालक गटाची बैठक. हे गट आमच्याकडे 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांपासून आहेत, पण जमायचं ते पहिलीत येणाऱ्या मुलांपुरतं. या वेळी सगळ्या वर्गांच्या आया बोलावल्या. सुरुवात नेहमीसारखीच झाली. "आम्हाला काय येतंय, बाई? आम्ही अंगठेबहाद्दर."

मग मी शाळेचा विषय सोडून बचत गटाचा काढला. एकीने तीन हजार उचलले होते, शेकडा दोनने, चार महिन्यांसाठी. व्याज किती? प्रश्न पुरा व्हायच्या आत दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, दोनशे चाळीस. कसं काढलं म्हणून विचारलं, तर एक म्हणाली, महिन्याचे साठ, साठ चोक दोनशे चाळीस. दुसरी म्हणाली, हजाराला ऐंशी पडतात, त्याची तिप्पट. मी दोन्ही रीती फळ्यावर लिहिल्या आणि सांगितलं की एकच उत्तर दोन वाटांनी काढता येणं, हेच आम्ही वर्गात मुलांकडून मागतो. बाया फळ्याकडे बघत राहिल्या. आपलं बोलणं फळ्यावर लिहिलेलं त्यांनी आधी पाहिलं नसावं.

या बैठकीतून एक गोष्ट पक्की केली. आयांना गणित शिकवायला या प्रकल्पात सुरुवात करायची नाही. त्यांच्याकडे आहे ते मुलांसमोर मोठ्याने बोललं जाईल, एवढं बघायचं.

(आयांना शिकवण्याला माझा विरोध नाही. बिहार आणि राजस्थानात याचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: काही गावांत आयांसाठी साक्षरता वर्ग, काही गावांत मुलांसोबत घरी करायच्या कृतींचं मार्गदर्शन, काही ठिकाणी दोन्ही. तिन्ही ठिकाणी मुलांच्या गणितात वाढ दिसली, माफक पण खरी. आमच्याकडे वर्ग चालवायला माणसं नाहीत. कृती मात्र जमतील.)

१६ जुलै २०२४

गृहपाठावरचं वाचन. पटॉल, कूपर आणि रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये गृहपाठातल्या पालकांच्या सहभागावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. भाषेत सहभागाचा फायदा दिसतो. गणितात उलट: मदत जास्त तिथे गुण कमी. हे वाचून पालकांना दोष देण्याची घाई होऊ शकते. पण मूल अडतं म्हणूनही आईबाप मदतीला बसतात, त्यामुळे मदत आणि कमी गुण एकाच घरात दिसणारच. कोणामुळे कोण, हे अशा आकड्यांतून कळत नाही.

त्यापुढचा अभ्यास जास्त उपयोगाचा वाटला. मलोनी आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात पहिली-दुसरीची अमेरिकन मुलं वर्षभर पाहिली होती. ज्या आईबापांना गणिताची धास्ती आहे त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकली आणि स्वतःही गणिताला घाबरू लागली. पण हे झालं ते असे पालक वारंवार गृहपाठाला बसत असतील तरच. बसत नसतील तर त्यांची धास्ती मुलात उतरली नाही. म्हणजे गणिताला भिणाऱ्या पालकाला वहीसमोर बसवणं हे मुलाच्या हिताचं नाही. त्याच वर्षी शिकागोतल्या दुसऱ्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले: पालकांना गणिताच्या छोट्या गोष्टींचं एक ॲप दिलं, गोष्ट वाचायची आणि त्यातल्या प्रश्नांवर मुलाशी बोलायचं. आठवड्यातून एकदा वापरणाऱ्या घरांतही मुलांचं गणित पुढे गेलं, आणि सगळ्यात जास्त फायदा धास्तीवाल्या पालकांच्याच मुलांना झाला. पालक तेच, धास्तीही तीच. बसण्याची रीत बदलली होती.

प्रकल्पाचा पहिला नियम ठरला: घरच्यांनी वही तपासायची नाही, चूक-बरोबर सांगायचं नाही. ते काम माझं. घरच्यांनी एकच प्रश्न विचारायचा, "कसं काढलंस?"

५ ऑगस्ट २०२४

कृतींची पहिली फेरी घरांत गेली. भाकरीच्या पिठाचे गोळे आधी किती होतील याचा अंदाज, मग मोजणं. शेळ्या बांधताना किती आल्या, किती यायच्या आहेत. लहानांसाठी सापशिडी.

सापशिडीबद्दल आयांना एक गोष्ट मुद्दाम दाखवली. सोंगटी चौदावर आहे आणि तीन पडले तर पोरं "एक, दोन, तीन" म्हणत पुढे जातात. त्याऐवजी घरावरचे आकडे म्हणायचे: पंधरा, सोळा, सतरा. लास्की आणि सिग्लर यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आकडे असे म्हणत खेळलेली मुलं संख्यांचा क्रम आणि त्यांचं लहानमोठेपण जास्त शिकतात. "एक, दोन, तीन" म्हणत तोच पट खेळणाऱ्यांना तेवढा फायदा होत नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीला हे जमेल का, अशी शंका एका आईने काढली. पट वाचता आला नाही तरी आजीला चौदानंतर पंधरा माहीत आहे. पोराने आकड्यावर बोट ठेवायचं, आजीने म्हणायचं.

२ सप्टेंबर २०२४

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवण्यासारखा आहे.

चौथीला अपूर्णांक सुरू आहेत. अर्धा, पाव, पाऊण. पुस्तकात वर्तुळं आहेत, पोरं ती रंगवतात. एका मुलाची आजी शाळेत आली ती लोखंडी मापं घेऊनच. नातवाने घरी सांगितलं होतं की बाईंना जुनी मापं बघायची आहेत. चिपटं, मापटं, शेर आणि पायली. घरी आता सगळं किलोवर चालतं, पण पेरणीचं बी आणि देवाला काढायचं धान्य ती अजून मापानेच मोजते.

तिने वर्गाच्या मध्यभागी पोतं पसरलं आणि ज्वारी ओतली. "दोन चिपट्याचं मापटं. दोन मापट्याचा शेर. चार शेराची पायली." पोरांनी भरून बघितलं. मी काहीच बोलले नाही. मग तिनेच विचारलं, "पायलीत चिपटी किती?" काहींनी भरायला सुरुवात केली. तिचा नातू न भरता म्हणाला, "शेरात चार, चार शेर, सोळा." बाकीच्यांनी भरून खात्री केली.

आता मी फळ्यावर गेले. चिपटं म्हणजे शेराचा किती भाग? पाव. पायलीचा? सोळावा. मापटं पायलीचा आठवा. १/१६ आणि १/८ लिहून विचारलं, मोठं कोणतं? दरवर्षी या प्रश्नाला अर्धा वर्ग सोळावर हात ठेवतो, कारण आठापेक्षा सोळा मोठे. आज सगळा वर्ग एका आवाजात: "मापटं!" १/८ हा चौथीच्या पाठात नाहीही. तो आजीने आणला.

जाताना तिने गोवऱ्यांचा हिशेब सांगितला: तीन इसा न सात. पोरं गोंधळली. तिने समजावलं, इसा म्हणजे वीस, तीन इसा साठ, वर सात. पाच इशांचे शंभर. ती गेल्यावर पोरं एकमेकांना पटसंख्या इशांत विचारत होती.

हाच तो घरचा सहभाग, ज्याची पालकसभेत कधी मागणी होत नाही. या आजीला आम्ही आजवर बोलावलं ते फक्त पोषण आहाराची चव घ्यायला.

१९ सप्टेंबर २०२४

पाचवीतला एक मुलगा. वडील गावातच असतात, किराणा दुकान आहे. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी चालू आहे. वडील रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसतात, तीसपर्यंत पाढे म्हणून घेतात, अडला की मारतात. वर्गात हा मुलगा लिहिताना डाव्या हाताने वही झाकतो. मी जवळ गेले की पेन थांबतं.

वडिलांशी दुकानात जाऊन बोलले. माणूस मुलावर जीव टाकणारा आहे, हे आधी लिहून ठेवते. ते म्हणाले, "बाई, मला वडिलांनी मारलं म्हणून दिडकीसुद्धा येते." आणि दीडपटीचा तो जुना पाढा लगेच म्हणून दाखवला: अठ्ठेचाळीस दिडी बहात्तर. मला खरोखर कौतुक वाटलं आणि ते मी बोलून दाखवलं. पाढे पाठ असणं ही मोठी शिदोरी आहे, त्याला माझा विरोध नाही. पण भीती डोक्यातली तीच जागा अडवते जिथे हिशेब मांडायचा असतो. घाबरलेलं मूल आकडे मनात धरून ठेवू शकत नाही. विचार करण्याऐवजी ते समोरच्याचा चेहरा वाचायला लागतं. हा मुलगा उत्तर सांगण्याआधी माझ्या भुवयांकडे बघतो.

त्यांना विनंती केली: पाढ्यांची बैठक महिनाभर बंद ठेवा, त्या वेळी मुलाला गल्ल्यापाशी बसवा. दीड किलोचे किती, पावशेराचे किती, त्याला आधी काढू द्या, मग तुम्ही सांगा. उत्तर वेगळं आलं तर दोघांनी आपापली रीत बोलायची. "गिऱ्हाईक खोळंबतं," म्हणाले. रात्री दुकान बंद करायच्या वेळेला करू, यावर थांबलो. मारणार नाही असं त्यांनी कबूल केलं नाही. पुन्हा जाणार आहे.

२१ ऑक्टोबर २०२४

गावात जायची तयारी सुरू झाली आहे. तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढल्या. जी मुलं आईबापांबरोबर फडावर जाणार त्यांची शिक्षण हमी कार्डं भरली, म्हणजे तिथल्या जवळच्या शाळेत बसता येईल. जी मागे राहणार त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची यादी.

पालकांना एकेकटं भेटतेय. निघताना मुलांना काय सांगणार, असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक घरात एकच वाक्य: "शीक, नाहीतर कोयता आहेच." यामागची कळ मला कळते. हिल आणि टायसन यांनी २००९ मध्ये मोठ्या वर्गांतल्या मुलांवरचे अभ्यास तपासले, तेव्हा सगळ्यात जास्त फायदा त्या पालकांच्या मुलांना दिसला जे शिक्षणाबद्दल मुलांशी बोलतात, त्याचा पुढच्या आयुष्याशी धागा जोडून देतात. गृहपाठातल्या मदतीपेक्षा हे बोलणं भारी पडलं. पण "नाहीतर कोयता" यात पुढची वाट दिसत नाही, मागचा खड्डा दिसतो. शिवाय तिसरीतलं पोर त्यातून हेही ऐकतं की आपले आईबाप न शिकलेले, म्हणजे त्यांना काही येत नाही. ज्या घराच्या हिशेबावर मी प्रकल्प उभा करतेय, त्या घराची किंमत पोराच्या मनात तिथेच उतरते. एका आईला सुचवलं, "तू काढलेला हिशेब फोनवर मला सांग" असं पोरीला म्हणा. ती म्हणाली, हे जमंल.

फोनची योजनाही ठरली. करोनाच्या काळात बोत्स्वानात शाळा बंद असताना साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना दर आठवड्याला फक्त संदेश, काहींना संदेश आणि साधारण वीस मिनिटांचा फोन. फोनवाल्या मुलांच्या गणितात मोजण्याइतकी वाढ झाली, नुसत्या संदेशाने फारसं काही हललं नाही. पुढे भारतासह पाच देशांत हे करून बघितलं, तिथेही फोनचा उपयोग झाला. आमच्या व्हॉट्सॲप गटावर मी वर्षभर कृती टाकतेय आणि त्याखाली हात जोडलेली चित्रं येतायत. तेव्हा फोनच.

१८ नोव्हेंबर २०२४

गाळप हंगाम १५ तारखेला सुरू झाला, मतदान २० ला आहे. काही घरं मत देऊन जाणार म्हणून थांबली, काहींना मुकादम थांबू देईना. मी निवडणूक ड्युटीवर. प्रकल्पाचं काम नाही.

२ डिसेंबर २०२४

फोन सुरू. रीत अशी बसवली: संध्याकाळी मुलं वसतिगृहाच्या जेवणाला शाळेत जमतात, तेव्हा माझ्या फोनवरून आईबापांना लावायचा, स्पीकर चालू. मूल विचारणार, "आज किती टन?" पालक खरा आकडा सांगणार. मूल त्यावर एक गणित करणार आणि कसं केलं ते फोनवरच सांगणार.

अडचणी पहिल्याच दिवशी कळल्या. पहाटे अंधारात तोड सुरू होते, संध्याकाळी गाडी भरायची असते, खोपीवर लाइट नसते म्हणून फोन बंद असतो. बाईमाणसाला तर फडावरून आल्यावर चूल. आईचा आवाज मिळवणं बापाच्या आवाजापेक्षा अवघड आहे. वेळ ठरवून उपयोग नाही, गाडी केव्हा येईल हे त्यांनाच माहीत नसतं. आता त्यांनीच मिसकॉल द्यायचा, मी उलट लावते.

फोन लागला की मुलं आधी गणित विचारत नाहीत. आधी "आई, जेवलीस का?" ते होऊ देते. त्यानंतरचं गणित पोरं जास्त मन लावून करतात.

९ जानेवारी २०२५

चौथीतला मुलगा, बाप कोल्हापूरकडच्या फडावर. गेल्या वर्षी जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, ते घरोघर सगळ्यांना पाठ आहे. मुलाने विचारलं, "आण्णा, किती टन?" "दीड." मुलाने वही ओढली, ३६६ गुणिले दीड कसं मांडायचं या विचारात अडला. बाप तिकडून म्हणाला, "एकाचे ३६६. आता अर्ध्याचे सांग." १८३. "मिळव." ५४९. "हां, तेवढंच झालं आज कोयत्याचं." कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, त्या ५४९ मध्ये आईचीही दिवसभराची तोड आहे. मुलाला ते माहीत होतं.

मग मी विचारायला लावलं, दर वाढला तो कितीने? मुलाने ३६६ खाली २७३ मांडले, सहातून सात जात नाहीत म्हणून शतकातला एक उसना घेतला, ९३ काढले. बापाने तोंडी काढले: "सत्तावीस घातले की तीनशे, वर सहासष्ट. त्र्याण्णव." मुलाने मला हळूच विचारलं, "बाई, आण्णांची रीत चालते का?" फोन चालूच होता. मी मोठ्याने सांगितलं की चालते, आणि का चालते तेही: दोन संख्यांमधलं अंतर खालून वर चालत गेलं तरी तेवढंच भरतं. तिकडून काही बोलणं आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मिसकॉल त्यांनीच आधी दिला.

२९ जानेवारी २०२५

'असर'चा नवा अहवाल काल आला. तिसरीत वजाबाकी येणारी मुलं देशभरात ३३.७ टक्के, पाचवीत भागाकार येणारी ३०.७ टक्के. दोन वर्षांपूर्वीपेक्षा चांगलं, आणि २०१८ च्याही पुढे. तरी तीनातल्या दोन मुलांना तिसरीत वजाबाकी येत नाही. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत यावर चर्चा झाली ती सगळी वर्गाच्या वेळापत्रकावर. घराचा विषय मी काढला, पुढच्या महिन्यात दहा मिनिटं मिळाली आहेत.

१० फेब्रुवारी २०२५

'नेचर' या विज्ञान नियतकालिकात गेल्या आठवड्यात आलेला अभ्यास वाचताना जूनमधली ती तिसरीची मुलगी डोळ्यांपुढे आली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तपासली. अवघड व्यवहारही ती मनात बरोबर करतात. तशाच तोडीची गणितं शाळेच्या रूपात कागदावर दिली की अडतात. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं याच्या उलट: कागदावर जमतं, बाजाराच्या प्रश्नाला गडबडतात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात फेरीवाल्या मुलांबाबत १९८५ मध्येच असं दिसलं होतं: रस्त्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर, आणि तीच आकडेमोड नुसत्या अंकांत दिली तर ३७.

यातून प्रकल्पाला एक कडक सूचना मिळते. घरात संख्या बोलल्या जाणं गरजेचं आहे, पण तेवढ्याने वही सुधारत नाही. मधला पूल आपोआप बांधला जात नाही, तो शिक्षकाने बांधायचा. पालकांवर हा भार टाकला तर तो अन्याय होईल.

जानेवारीपासून वहीच्या पानाला मधोमध घडी घालतोय. डावीकडे तोंडी रीत, उजवीकडे मांडणी. ५२ वजा २७: डावीकडे २७ ते ३०, ३० ते ५०, ५० ते ५२, म्हणजे ३ आणि २० आणि २. उजवीकडे उभी मांडणी. मध्ये खऱ्या नोटा: दहाच्या पाच, रुपयाची दोन नाणी. सत्तावीस द्यायचे तर सुटे पुरत नाहीत, एक दहाची नोट मोडावी लागते. हातचा म्हणजे ही मोडलेली नोट, हे त्या मुलीने स्वतः सांगितलं. आता तिची दोन्ही बाजूंची उत्तरं जुळली नाहीत तर ती स्वतःच थांबते आणि डावीकडचं बरोबर धरून उजवीकडे चूक शोधते. घराच्या हिशेबावर तिचा विश्वास आहे, म्हणून तिला हे करता येतं.

३ मार्च २०२५

यंदा ऊस कमी, बरेच कारखाने लवकर बंद झाले. माणसं परतायला लागली आहेत.

आज एक मुलगी वही घेऊन आली. आईबापांनी मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, वर्षाची तोड, मुकादमाचं कमिशन असं सगळं तिने मांडलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'फेडायचे उरले'. उचल फिटलेली नाही. गणित अचूक होतं. तिला शाबासकी देताना माझा आवाज नीट निघेना.

यावर दिवसभर विचार केला. घरचे आकडे वर्गात आणले की घरचं कर्जही येतं. दहा वर्षांच्या मुलीला ते माहीत असतंच, आम्ही लपवून लपत नाही. पण शाळेने ते उदाहरण म्हणून फळ्यावर घ्यायचं नाही, कुठल्याही कृतीत उचल विचारायची नाही, हा नियम आजपासून. मूल स्वतः घेऊन आलं तर ते माझ्या टेबलाशी, दोघींतच. तिचे वडील संध्याकाळी भेटले. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आहे. मुकादमाकडे जाताना नेणार म्हणाले.

२७ मार्च २०२५

जूनच्याच साधनाने पुन्हा पडताळणी. तुलनेला दुसरी शाळा नाही, आणि वर्षभर मी शिकवतही होते, त्यामुळे सुधारणा सगळी घरामुळे झाली असं म्हणता येणार नाही. जे दिसलं ते लिहिते.

तिसरी-चौथीत वजाबाकी स्पष्ट सुधारली. उत्तरापेक्षा मला महत्त्वाचं वाटलं ते हे की पोरं उत्तर आल्यावर थांबून विचार करतात, "एवढं येईल का?" अपूर्णांकात चौथी कधी नव्हे इतकी पक्की. पाचवीचा भागाकार मात्र जिथे होता त्याच्या थोडासाच पुढे. कारणही दिसतं: घरच्या कृतींत वाटणीचं गणित फार कमी आलं. टन, दर, सुटे पैसे, मापं यांत बेरीज, वजाबाकी, दुप्पट, निमपट भरपूर होते.

ज्या घरांना फोन लागलाच नाही ती मुलं मागे आहेत. पण तीच मुलं शाळेतही जास्त गैरहजर होती, तेव्हा फोनचा वाटा वेगळा काढता येत नाही. फडावर गेलेल्या मुलांची वजाबाकी जूनच्याही मागे गेली. त्यांच्यासाठी या प्रकल्पात काही नव्हतं, आणि सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे.

दुकानदारांच्या मुलाने या वेळी एक गणित चुकल्यावर वही झाकली नाही, खोडून पुन्हा केलं. शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका अवघड गेली असं वडील सांगत होते, मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. मारणं थांबलं का, हे मी मुलाला विचारलेलं नाही. वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "कमी आहे." जात राहणार.

२४ एप्रिल २०२५

परिषदेतल्या दहा मिनिटांनंतर शेजारच्या दोन शाळांनी घडीचं पान मागून नेलं. एका सरांनी विचारलं, पालकांसाठी सूचनांचं पत्रक आहे का. पत्रक केलेलं नाही. "कसं काढलंस?" एवढंच आहे, ते तोंडीच सांगायचं.

पुढच्या वर्षासाठी दोन कामं सुट्टीतच लावायची आहेत. फडावर जाणाऱ्या मुलांच्या हमी कार्डासोबत घडीच्या पानांची वही द्यायची आणि तिथल्या शाळेच्या शिक्षकांचा नंबर हंगामाच्या पहिल्या आठवड्यात मिळवायचा. दुसरं, वाटणीची गणितं. बचत गटाच्या अध्यक्षांशी बोलणं झालं आहे: वर्षअखेरीला व्याजाची वाटणी सगळ्या सभासदांत होते, ती या वेळी पाचवीच्या मुलांसमोर करायला गट तयार आहे. बैठक जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शाळेच्याच व्हरांड्यात. हिशेबाची वही त्या आणणार आहेत, फळा आणि खडू आमचा.